घराची सवय

हिंगणघाटातल्या अर्ध्या घरांची वायरिंग दिवाकर चाफलेच्या हातून झालेली होती. चाळीस वर्षं त्यानं दुसरा धंदा केला नाही. लग्नाचा मांडव असो की नवी पिठाची चक्की, पक्कड मागच्या खिशात खोचून दिवाकर हजर. साठीनंतर गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा काम सुटलं, पण वायरमनकी काही सुटली नाही. कोणाकडे चहाला गेला तरी आधी त्याची नजर छताकडे जायची, आणि कुठे एखादी वायर लोंबताना दिसली की चहा पिता पिताच तो यजमानाची बिनपाण्यानं हजामत करायचा. "घर आहे का मांडव आहे हा?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

असा माणूस स्वतःच्या घरासाठी इन्व्हर्टर निवडायला निघाला, तर त्याला कोणी काय सांगावं? त्याची बायको कुंदा तेवढी सांगायची, "काही नका घेऊ. होते कितीशी तकलीफ?" आणि एवढं बोलून तिला दम लागायचा.

कुंदा तेवीस वर्षं जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला जात होती. कापसाची बारीक धूळ तिच्या छातीत बसली ती बसली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगून टाकलं होतं, की आता फुप्फुसं सुधारायची नाहीत, दिवसाचे सोळा तास तरी बाहेरून ऑक्सिजन लागेल. तेव्हापासून आतल्या खोलीत दाराच्या आड ऑक्सिजनची मशीन आली. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला नायट्रोजन गाळायचा आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून नाकाशी पोचवायचा, एवढंच तिचं काम. नळी चांगली लांब होती. ती नाकाला लावून कुंदा स्वयंपाकघरापर्यंत जायची, भाकऱ्या टाकायची, आणि नळी पायात आली की तिलाच रागवायची.

ते २०४१ साल होतं. पारा सत्तेचाळीसच्या वर गेला की विजेच्या तारा सैल होऊन खाली यायच्या, ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तापायचं, आणि नेमका त्याच वेळी गावातला प्रत्येक कूलर वीज ओढायचा. हे सगळं एकदम झालं की अख्ख्या जिल्ह्याचं जाळं कोसळण्याची भीती. म्हणून पारा चढला की एकेक भाग पाळीपाळीनं बंद ठेवायचा नियम झाला होता. कागदावर त्याचं नाव 'उष्मा-विश्राम' होतं. विश्राम कोणाला मिळायचा ते त्या कागदालाच ठाऊक. गाव आपलं 'लाइन गेली' म्हणायचं. कधी दोन तास, कधी तीन.

होळीच्या आठवड्यात दिवाकर दुकानात गेला. तिथलं सगळं तांत्रिक काम रिद्धी तुराळे नावाची मुलगी बघायची. डिप्लोमा झालेली, बोलायला चटपटीत, आणि दिवाकरला गुरुस्थानी मानणारी, कारण तिच्या आजोबांच्या घराची वायरिंग त्यानंच केली होती.

"काका, पेटी दोन्हीत सारखीच. मिठाची," ती म्हणाली.

मिठाची बॅटरी हे लोकांनी ठेवलेलं नाव. लिथियम महाग होत गेलं आणि विदर्भाच्या उन्हात ते पेट घेण्याची धास्तीही होती. म्हणून त्याच्या जागी सोडियम आलं, जे मिठात पोत्यानं पडलेलं असतं. ही पेटी जड, पण उन्हाला सोशीक. मागणी एवढी, की एका मीटरला एकच पेटी द्यायची असा सरकारी नियम होता. एका पेटीत अडीच युनिट वीज. दिवाकरनं मनातल्या मनात हिशोब केला: मशीन आणि कूलर दोन्ही चालवले तर साडेचार तास. नुसती मशीन चालवली तर सात. नुसता कूलर, तर बारा.

"साध्या इन्व्हर्टरले अक्कल नाही, काका. तुमी ज्या लाइनवर जोडान तेवढंच चालवते, पेटी संपेपर्यंत. काकूच्या मशीनची लाइन वेगळी ओढा, झालं. आन दुसरा हा, जाणता."

"याले कायची अक्कल?"

रिद्धीनं समजावून सांगितलं, आणि दिवाकरला ते ऐकता ऐकताच आवडलं. घरातलं प्रत्येक उपकरण वीज ओढताना स्वतःची एक खूण सोडतं. फ्रिज सुरू होताना एक झटका घेतो, मग शांत चालतो. कूलरचा पंखा एकसारखं ओढतो, त्याचा पंप मध्येच थोडी भर घालतो. मशीनचा दाब दर काही सेकंदांनी चढतो आणि उतरतो. जाणता इन्व्हर्टर मुख्य बोर्डाशी बसतो, येणाऱ्या एकाच प्रवाहात ह्या सगळ्या खुणा वेगळ्या ओळखतो आणि प्रत्येक सॉकेटमागे बसवलेल्या बोटभर चकतीमधून हवं ते चालू ठेवतो, हवं ते बंद करतो. भिंत फोडायची नाही, नवी वायर ओढायची नाही. शिवाय घराची सवय तो शिकतो. लाइन गेल्यावर घरचे लोक आधी काय बंद करतात, काय शेवटपर्यंत सोडत नाहीत, हे बघून बघून त्याला घराची आवड कळते. पुढे लाइन किती वेळ जाणार याचा अंदाज घेऊन तो आपणच वीज पुरवून वापरतो.

भिंत फोडायची नाही, इथेच दिवाकरचं मन बसलं. त्याचं घर जुन्या विटांचं, भिंती दीड हात जाड, वरून चुन्याचा गिलावा. बोर्डापासून आतल्या खोलीपर्यंत वेगळी लाइन न्यायची म्हणजे दोन भिंतींत छन्नीनं झिरी फोडायची. भिंतीवरून वायरची साधी पट्टी ठोकायची म्हटलं तरी एकेका खिळ्याला घमेलंभर पोपडे पडणार. आणि कुंदाला धुळीची एवढी धास्ती, की शेजारी कोणी अंगण झाडलं तरी दिवाकर तिच्या खोलीचं दार लावून उंबऱ्याशी ओलं फडकं टाकायचा.

"चार दिवस मोनालीकडे पुण्याले जाय तू," त्यानं घरी येऊन कुंदाला सांगून पाहिलं. मोनाली त्यांची एकुलती मुलगी. "तेवढ्यात मी झिऱ्या मारून, गिलावा करून, घर धुऊन ठेवतो."

"आन तुमच्या जेवणाचं?"

"मी काय लहान पोट्टा आहो?"

"दोन दिवस भाजी-पोळी खासान, तिसऱ्या दिवसापासून चिवडा. मले मालूम नाही का?" ती हसली आणि विषय तिथंच संपला. त्यानं हट्ट धरला नाही. पुढे त्याला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो ह्या न धरलेल्या हट्टाचा.

तिसरा एक उपाय होता. बोर्डाशी साधा इन्व्हर्टर, आणि तिथून दारावरून लोंबकळत मशीनपर्यंत नेलेली एक्स्टेंशन वायर. कोणीही शेंबडं पोर हे करू शकलं असतं. दिवाकरच्या मनात ते क्षणभर आलंही. पण आयुष्यभर दुसऱ्यांना ज्यासाठी झापलं, ते चाफले वायरमनच्याच घरात दारावर टांगायचं? त्यानं जाणता घेतला.

रिद्धी स्वतः बसवायला आली. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर इन्व्हर्टरचा काचेचा हातभर पडदा लागला. त्यावर घरातल्या सगळ्या उपकरणांची यादी आली, आणि मशीनच्या नावापुढे रिद्धीनं लाल खूण केली.

"ही जीवरक्षक खूण, काकू. पेटीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत आता मशीनले वीज भेटन. बाकी सगळं आधी जाईन."

"आन ही खूण पुसता येते?" दिवाकरनं विचारलं. तो वायरमन होता, उलट बाजू विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"फक्त काकूच पुसू शकते. कायदाच आहे तसा. ज्याचा जीव, त्याचा अंगठा."

"मंग झालं. ते कायले पुसते?" दिवाकर म्हणाला, आणि तिघंही हसले.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक बारीक गोष्ट झाली. मशीनमध्ये एक भोंगा होता. वीज गेली की तो कोकलायचा. आता लाइन जाऊन पेटीची वीज यायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नव्हता, पण तेवढ्यानंही भोंगा दोन-दोन मिनिटं बोंबलत बसायचा आणि कुंदा दचकून उठायची. दचकली की खोकला. दिवाकरनं मशीनची पाठ उघडली, पकडीनं भोंग्याची तार तोडली, तिच्या टोकांना नीट चिकटपट्टी गुंडाळली. काम नेहमीसारखं सफाईदार होतं.

एप्रिलच्या वीस तारखेला पारा अठ्ठेचाळीसवर गेला. लाइन अकराला गेली ती दुपारचे चार वाजले तरी आली नाही. जाणत्या इन्व्हर्टरनं शिकवल्याप्रमाणे केलं: पेटी अर्ध्यावर येताच फ्रिज बंद, मग पंखे, मग कूलर. मशीनचा घुर्र-फुस्स आवाज खंड न पडता चालू राहिला. दिवाकर मधल्या खोलीत खाटेवर बनियन काढून बसला होता. "पाह्य, कशी चालते तुही मशीन," असं तो दोनदा अभिमानानं म्हणाला. तिसऱ्यांदा बोलायला गेला तेव्हा त्याची जीभ जड झाली. अंगाचा घाम बंद झाला होता, कातडी तव्यासारखी तापली होती. तो उठला आणि उभ्या उभ्या कोसळला.

कुंदानं नाकाची नळी ओढून फेकली, माठ उचलून त्याच्या अंगावर ओतला आणि दारात जाऊन, तिच्या छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून, शेजाऱ्यांना हाक मारली. दोन दिवस त्याला सलाईन होतं. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर कुंदालाच म्हणाले, "ह्यांना आता ऊन सोसायचं नाही. पुन्हा असं झालं तर उठतीलच, असं मी सांगू शकत नाही. दुपारी ह्यांच्या अंगावर गार हवा पाहिजे, काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी," कुंदा म्हणाली.

दिवाकरला हे संभाषण पुढे शब्दन् शब्द आठवलं. त्या वेळी तो बूट घालण्यात गुंतला होता.

त्यानंतर लाइन गेली की त्याला कधी कधी मशीन बंद दिसायची. "आताच बंद केली. बरं वाटून राह्यलं," कुंदा म्हणायची. किंवा, "सोळाच तास सांगतलं ना डॉक्टरनं, झाले माहे सोळा." तिची बोटं थोडी निळसर वाटायची; ती म्हणायची, भांडी घासली म्हणून. ह्या बाईनं लग्न झाल्यापासून एकदाही त्याच्या आधी जेवण केलं नव्हतं. डब्यात दोन पोळ्या उरल्या तर 'मले भूकच नाही' म्हणायची, आणि दिवाकर ते खरं मानून दोन्ही खायचा. पस्तीस वर्षं खाल्ल्या होत्या. तेव्हा तिला श्वासाचीही भूक नाही, हे त्यानं मानलं तर त्यात नवल ते काय! तरी तो दिसल्या दिसल्या रागवायचा आणि मशीन स्वतः चालू करायचा. ती मुकाट्यानं नळी लावायची. तो वळला की काय करायची, ते त्याला कसं दिसणार?

मोनालीचा रोज फोन यायचा. "आई, मशीन लावतेस ना?"

"लावते ना माय. तुह्या बाबानं एवढा भारी इन्व्हर्टर घेतला, तो ठेवतो सगळ्यावर ध्यान."

मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला. ते नऊ दिवस विदर्भात सूर्य कोणाची गय करत नाही. नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहालाच लाइन गेली. बारा वाजता दोघं जेवली, म्हणजे तो जेवला आणि मग ती. कैरीचं पन्हं झालं. मधल्या खोलीत कूलर खिडकीतून गार, ओली हवा टाकत होता. दिवाकर खाटेवर आडवा झाला, तर कुंदा खाली चटईवर अशीच बसलेली, नाकाला नळी नाही.

"मशीन?"

"लावते ना जरा वेळानं."

"आता लाव. माह्यासमोर."

तो स्वतः उठला, आतल्या खोलीत गेला, बटण दाबलं, मशीन सुरू झाल्याचं कान देऊन ऐकलं, आणि परत येऊन तिच्या कानांमागून नळी नीट बसवली. तिच्या कानाची पाळी गरम लागली.

"झोपा आता तुमी," ती म्हणाली. "अंगावर हवा येते ना नीट?"

"येते."

"खाट जराशी अलीकडे घ्या. अशी. आता येते."

ती आडवी झाली. तो तिचे मिटलेले डोळे आणि नाकावरची नळी बघत बघतच झोपला. आपण नवरा म्हणून आज आपलं काम केलं, असं समाधान होतं त्याच्या मनात. कूलर एवढा गर्जत होता, की दाराआडच्या मशीनचा आवाज ह्या खोलीत येतच नव्हता.

दोनला दहा मिनिटं कमी असताना गावाबाहेर मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला. जाणत्या इन्व्हर्टरला ते वीज कंपनीच्या संदेशावरून कळलं. लाइन संध्याकाळपर्यंत येणार नाही, असा त्यानं अंदाज बांधला, आणि तो अंदाज अचूक होता. पेटीत जे उरलं होतं ते दोन्हींना पुरणार नव्हतं. त्यानं घराची आवड पाहिली. मग आतल्या खोलीतली मशीन बंद केली आणि कूलर चालू ठेवला.

भोंगा वाजला नाही. ऑक्सिजन हळूहळू कमी होतो तेव्हा माणूस धडपडत नाही, त्याला गुंगी येते. झोपेतला माणूस आणखी खोल झोपतो. कुंदा तशीच खोल झोपत गेली.

दिवाकरला सव्वाचारला जाग आली. अंग गारेगार होतं. इतकी छान झोप त्याला महिन्याभरात लागली नव्हती. 'लाइन अजून नाही आणि कूलर चालू, वा रे पठ्ठ्या!' असं तो त्या पडद्याला मनात म्हणाला. कुंदा कुशीवर झोपलेली होती, नाकाला नळी होती. एवढी गाढ झोपली आहे तर कशाला उठवा, म्हणून तो चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेला. भांडं वाजू न देता त्यानं चहा केला. आलं किसून घातलं. दोन कप घेऊन आला, तिचा कप तिच्या उशाशी ठेवला आणि आपला अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाला, "अवं, ऊठ आता. चहा निवते."

मग त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. कूलरच्या हवेत खांदा गार झाला होता, त्यामुळे पहिल्यांदा त्याला काही कळलंच नाही.

आतल्या खोलीच्या कोपऱ्यात अडीनडीसाठी आणलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर भरलेला होता. त्याची चावी खिळ्याला टांगलेली होती. तो उघडायला दिवाकरला दहा सेकंद लागले असते. त्यानं उघडलाही, आणि कितीतरी वेळ तो तिच्या नाकाशी ऑक्सिजन धरून बसला. शेजाऱ्यांनी येऊन त्याच्या हातातून नळी काढून घेतली.

मोनाली आली. तिनं आईसाठी रडून घेतलं आणि चौदाव्या दिवशी रिद्धीला बोलावून घेतलं. "मला नोंद हवी आहे," ती म्हणाली. "काय बिघडलं, कुठे बिघडलं, सगळं." दिवाकरलाही तेच हवं होतं. यंत्रात काही बिघाड निघावा, एखादा सांधा सैल निघावा, म्हणून तो चौदा दिवस देवाला विनवत होता.

रिद्धी पडद्यासमोर उभी राहून बराच वेळ वाचत राहिली. मग ती वळली.

"काका, खूण पुसली आहे. मशीनसमोरची लाल खूण."

"कोणी?"

"काकूचा अंगठा आहे. तेवीस एप्रिल, दुपारी तीन."

तेवीस एप्रिल म्हणजे त्याला दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस.

रिद्धी वाचत गेली. खूण असताना काकू मशीन बंद करायची, तर जाणता ती पुन्हा चालू करायचा आणि कूलर बंद करायचा. तसं त्या दिवशी तीनदा झालं. चौथ्यांदा काकूनं खूणच पुसली. पडद्यानं विचारलं होतं, 'तुमची खात्री आहे?' काकूनं 'हो' दाबलं होतं. मग रोज, लाइन गेली की मिनिटाच्या आत काकू स्वतः मशीन बंद करायची. चौतीस दिवसांत एकेचाळीस वेळा. कधी अधेमध्ये मशीन चालू व्हायची, आणि पाच-दहा मिनिटांनी परत बंद.

"चालू मी करत होतो," दिवाकर म्हणाला.

"हो काका. पण त्याले माणूस दिसत नाही. त्याले एवढंच दिसलं, की हे घर मशीन थोडा वेळ चालू करते आन मंग बंद करते. कूलर मात्र एकदाही बंद करत नाही. त्यानं तेच केलं. काकूले झोप लागली होती ना त्या दिवशी. नाहीतर मशीन तिनंच बंद केली असती आन जागीच बसली असती. दम लागला, की परत लावली असती."

"म्हंजे मी लावून देली म्हणून ते झोपली."

रिद्धी पडद्याकडे वळली.

"त्याचं काही चुकलं नाही म्हणतेस?"

"नाही काका. त्याचं काही चुकलं नाही."

मोनाली इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर बोर्डावरून निघाली, दारावरून गेली आणि आतल्या खोलीतल्या मशीनवर येऊन थांबली. वायरमनची मुलगी होती ती. तिला अंतर मोजायला फूटपट्टी लागली नाही.

"पंधरा फूट," ती म्हणाली. "पंधरा फुटांची एक वायर, बाबा. दारावरून टांगली असती तरी चाललं असतं."

दिवाकर मान खाली घालून बसला. त्याला म्हणायचं होतं, की तुझी आई गेली नसती पुण्याला, की धूळ झाली असती, की मी तिच्यासाठीच ते घेतलं. सगळं खरं होतं आणि काहीही कामाचं नव्हतं. मोनाली दुसऱ्या दिवशी गेली. जाताना पाया पडली, पण त्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही. 'पोचले' म्हणून तिचा फोन आला नाही.

जून अर्धा झाला तरी ऊन हटलं नव्हतं. एका दुपारी लाइन गेली. कूलर क्षणभरही न थांबता चालत राहिला. दिवाकरनं तो बंद केला. मिनिटाभरात जाणत्यानं तो पुन्हा सुरू केला; ह्या घरात कूलर कधी बंद होत नाही, एवढंच तो शिकला होता. त्यानं पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू झाला. तो पडद्यापाशी गेला. तिथे अक्षरं आली होती: 'ऑक्सिजन मशीन वीस दिवसांत वापरलेली नाही. यादीतून काढू?' त्याखाली दोन चौकोन, हो आणि नाही.

तो त्या चौकोनांकडे बघत उभा राहिला. कूलरची गार हवा त्याच्या पाठीवर येत होती. कुंदा गेली होती, आणि तिनं शिकवलेलं ते यंत्र अजून पाळत होतं. उद्याही पाळेल, परवाही पाळेल, तो मरेपर्यंत त्याच्या अंगावर हवा घालत राहील. दिवाकरच्या तोंडून हुंदका फुटला. त्यानं दोन्हींपैकी काहीच दाबलं नाही. मुख्य बोर्ड उघडला आणि पेटीची वायर काढून टाकली. कूलर घरघरत थांबला.

मग त्यानं माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली. खडू घेतला, बोर्डापासून आतल्या खोलीतल्या मशीनपर्यंत भिंतीवर सरळ रेघ मारली. रेघ जराही वाकली नाही. छन्नी लावली, हातोडी उचलली.

शेजारच्या बाई दारातून डोकावल्या. "भाऊ, एवढ्या उन्हात काय करून राह्यले?"

"लाइन ओढतो," तो म्हणाला. "मशीनची. वेगळी."

त्या पदर तोंडाला लावून तशाच परत गेल्या.

पहिला घाव घालता घालता दिवाकर थांबला. हातोडी खाली ठेवली, मोरीत जाऊन फडकं ओलं केलं, पिळलं. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, फडकं उंबऱ्याच्या फटीशी नीट दाबून बसवलं, आत धूळ जाऊ नये म्हणून. मग त्यानं घाव घातला.